गमरे स्थिरांक

उज्ज्वला गेल्याचं मला तिच्या नवऱ्याच्या मेसेजवरून कळलं. मिलिंद गमरे तसे मोजकं बोलणारे, मेसेजही तसाच होता : ‘मॅडम, उज्ज्वला गेली. पावणेनऊला.’ माझा अकरावीचा तास चालू होता आणि फळ्यावर दोन सदिशांची बेरीज अर्धवट होती. मी ती पूर्ण केली, उत्तराखाली दोन रेघा मारल्या, मुलांना पुढची दोन उदाहरणं घालून दिली आणि मगच वर्गाबाहेर आले... ‘शैला, घराला आग लागली तरी तू आधी उत्तराखाली दोन रेघा मारशील,’ असं उज्ज्वला मला चिडवायची. त्या दिवशी मी अगदी तेच केलं, आणि मग व्हरांड्यात कठड्याला धरून रडले.

याला आता सात आठवडे होतील. जलदान विधी मीरा रोडला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. तथागतांच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो, समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिसरण-पंचशील झाल्यावर शोकसभा. मला बोलायला उठवलं तेव्हा मी बोललेही, आणि चांगलं बोलले असं लोक म्हणाले. हाडाची शिक्षिका, विज्ञाननिष्ठ, विद्यार्थिप्रिय... असले शब्द माझ्यासारखीच्या पर्समध्ये तयारच असतात. पण जे बोलायला हवं होतं ते मी गिळलं. तिचा नवरा पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याच्यासमोर ते बोलायची माझी छाती झाली नाही. ते आता लिहिते आहे. मात्र त्याआधी उज्ज्वला कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक काय ते कळायचं नाही.

आम्ही दोघी भाईंदरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचो. एकोणीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि विभागप्रमुख, म्हणजे हजेरीपट, जर्नल, प्रयोगशाळेच्या चाव्या हा सगळा संसार माझ्याकडे. मुलांसमोर मोहिते मॅडम आणि गमरे मॅडम. स्टाफरूमचं दार लोटलं की शैला आणि उज्ज्वला. दोघीही मुंबईतून इकडे आलेल्या, मी गिरगावातून आणि ती वरळीहून. तिचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, वडील गोदीत नोकरीला. जहाजातून उतरणाऱ्या पेट्या मोजायच्या आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायच्या, हे त्यांचं काम. कागदावर दोनशे असल्या आणि धक्क्यावर एकशे सत्त्याण्णव भरल्या, तर एकशे सत्त्याण्णवच लिहायच्या, मग साहेब कितीही डोळे वटारो. ही गोष्ट तिनं मला किमान पन्नास वेळा ऐकवली असेल. ऐकवायचं कारण बहुतेक वेळा मीच असायचे.

ती चालायची झपझप. शेअर रिक्षा आम्हाला नाक्यावर सोडायची आणि तिथून कॉलेज सात-आठ मिनिटांवर. ती पुढे, मी पर्स आणि साडी सावरत मागे. दर शंभर पावलांवर ती थांबून वळून बघायची. ‘येतेयस ना? की मुक्काम करतेयस?’ असं भर रस्त्यात ओरडायची, आणि भाजीवाला भय्यासुद्धा हसायचा. मला तेव्हा तिचा राग यायचा, हे आता लिहायला हरकत नाही.

आता ‘रीडिंग लावणे’ हा काय प्रकार आहे ते सांगते. ज्यांनी सायन्स केलंय ते गालातल्या गालात हसतील. लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वत्वरण काढायचं असतं आणि ते नऊ पूर्णांक आठ यायला हवं हे पुस्तकात छापलेलंच असतं. मग मुलं त्या उत्तरापासून मागे मागे येत निरीक्षणं लिहितात, म्हणजेच रीडिंग लावतात. आधी कळस मग पाया. दोरी हलो, घड्याळाचं बटण उशिरा दाबलं जावो, खिडकीतून वारा येवो, साठच्या साठ जणांचं उत्तर नऊ पूर्णांक आठ. आम्ही शिकताना हेच केलं, आमच्या शिक्षकांनीही केलं असणार. मी त्याकडे डोळेझाक करायचे असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. मला तशीच जर्नलं आवडायची. तपकिरी कव्हर, पेन्सिलीनं काढलेली नेटकी आकृती, शेवटी बरोबर उत्तर. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी माझ्या विभागाच्या जर्नलांना कधी नाव ठेवलं नाही आणि मी ते चारचौघांत सांगायचे.

उज्ज्वलाला या प्रकाराची विलक्षण चीड होती. ‘आपण यांना फिजिक्स शिकवतोय की शिवणकाम? माप आधीच ठरलंय, आता कापड ओढूनताणून बसवा,’ असं ती म्हणायची. मी म्हणायचे, ‘बाई गं, बोर्डाला तुझं कापड नको, शिवलेला सदरा हवाय.’ असं आमचं वर्षानुवर्षं चालायचं. ती हरायची नाही, आणि जर्नलवर सही माझी असल्यामुळे मीही हरायचे नाही.

मुलांच्या हातात मोबाइल आले तेव्हा आम्ही बाकीचे सगळे ते जप्त करण्याच्या मागे होतो. उज्ज्वलाला त्यात प्रयोगशाळा दिसली. तिनं मला स्टाफरूममध्ये बसवून समजावलं, की व्हिडिओ म्हणजे दुसरं काही नाही, एका सेकंदात काढलेले तीस फोटो. त्यातला एकेक फोटो, म्हणजे एकेक फ्रेम, पुढे सरकवायची. प्रत्येक फ्रेममध्ये वस्तू कुठे पोचली ते जवळच्या पट्टीवर वाचायचं. फ्रेम मोजल्या की वेळ कळतो, पट्टी वाचली की अंतर कळतं. दोन्हींचा आलेख काढला की त्याचा चढ म्हणजे त्या वस्तूची चाल. घड्याळाचं बटण दाबणारं बोट मधे येतच नाही. ‘बोट नाही, तर लबाडी नाही,’ ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून, ‘डोळ्याला सवय होते गं, शैला. फ्रेमला होत नाही.’ प्राचार्यांची परवानगी काढायला तिला दोन महिने लागले. अर्जात तिनं ‘मोबाइल’ असं न लिहिता ‘चलचित्राद्वारे मापन’ असं लिहिलं, आणि ते मंजूर झालं.

पण मोजायचं काय? चेंडू सोडला तर अर्ध्या सेकंदात जमिनीवर, मुलं भांबावतात. आमच्याकडची मुलं मराठी शाळांतून येतात, हिंदीतून, गुजरातीतून, आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडतं. निम्म्यांना स्पीड आणि व्हेलॉसिटीतला फरक दिवाळीपर्यंत कळत नाही. उज्ज्वला म्हणाली, मराठीत स्पीडला चाल म्हणतात आणि माणसाच्या चालण्यालाही चाल म्हणतात, मग पहिला प्रयोग चालण्याचाच. चालणार कोण? तर ती स्वतः. कॉलेजच्या मागच्या भिंतीवर तिनं दर अर्ध्या मीटरला पिवळी चिकटपट्टी लावली, मैदानात स्टुलावर मोबाइल टेकवला, आणि पदर खोचून पाच मीटर चालून दाखवलं. मुलं शिट्ट्या मारायची बाकी होती.

पहिल्या वर्षी उत्तर आलं सेकंदाला दीड मीटर. घड्याळ लावून बघितलं तर पाच मीटरला चार सेकंद, म्हणजे सव्वा. मी म्हटलं, ‘व्हिडिओत काय शेअर रिक्षातली चौथी सीट पकडायला निघाली होतीस? सव्वा लिहायला सांग आणि मोकळी हो.’ ती मोकळी झाली नाही. तीन दिवस ती आणि मुलं त्या दीडच्या मागे होती. शेवटी सापडलं. चिकटपट्ट्या भिंतीवर होत्या, आणि ही चालत होती भिंतीच्या मीटरभर पुढून, मोबाइलच्या जवळून. जवळचं मोठं दिसतं, त्यामुळे तिचं पाऊलही मोठं मोजलं जात होतं. मग तिनं जमिनीवर खडूनं रेघ मारली, पट्ट्या त्या रेघेवर चिकटवल्या आणि पुन्हा चालली. उत्तर आलं सव्वा. मुलांना वाटलं, आता दीड खोडायचं. ती म्हणाली, खोडायचं नाही. चुकलेलं उत्तर तसंच ठेवायचं, शेजारी कारण लिहायचं. त्या वर्षीच्या सगळ्या जर्नलांत एका पानावर दोन उत्तरं होती आणि मी दात-ओठ खात त्यांवर सह्या केल्या.

पुढच्या वर्षी आलं एक पूर्णांक चोवीस. त्याच्या पुढच्या वर्षी सव्वीस, मग पुन्हा पंचवीस. बाई दर वर्षी तशीच चालत होती. मुलांनी त्याला नावच दिलं, गमरे कॉन्स्टंट. मराठीतून आलेली मुलं भारदस्तपणे गमरे स्थिरांक म्हणायची. बारावीची मुलं अकरावीच्यांना धीर द्यायची, ‘टेन्शन मत ले यार, गमरे कॉन्स्टंट वन पॉइंट टू फाइव है, आँख बंद करके लिख दे.’ एका वर्षी कुणाचा तरी फोन चुकून स्लो मोशनवर राहिला. मॅडमना पाच मीटर जायला बत्तीस सेकंद लागले. मुलं पोट धरून हसली. ‘मॅम, आप तो कछुआ निकले!’ तीही हसली आणि मग त्यांच्याकडून आठाचा हिशेब करून घेतला, कारण तो फोन काळ आठपट ताणत होता. स्थिरांकाचं मात्र तिला पटायचं नाही. ‘माणूस स्थिरांक नसतो रे,’ ती म्हणायची. पण आतून ती सुखावलेली असायची, हे मला दिसायचं.

पुस्तकात ज्याचं उत्तर नाही असा प्रयोग तिनं मुद्दाम शोधून काढला होता, आणि चार-पाच वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून त्यालाही उत्तर तयार केलं. मी तर जर्नल तपासायच्या माझ्या वहीत, लंबकाच्या नऊ पूर्णांक आठच्या खाली, लिहूनच ठेवलं होतं : गमरे मॅडमची चाल – १.२५.

...आता दर्शना नावाच्या अकरावीतल्या मुलीकडे येते. ती जवळच्या मोरवा गावची. घरी आधी मासेमारी, थोडी मिठागराची कामं, घरातली सायन्सला आलेली ती पहिलीच. कमी बोलायची, आणि बोलली की गावची भाषा लपवायची नाही. सहामाहीच्या आधी जर्नलांचा गठ्ठा तपासताना तिचं जर्नल हाती आलं. माझी नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते, तशी गेली. ०.९८. मी लाल पेनानं गोल केला आणि लिहिलं, ‘रीडिंग चुकले आहे. पुन्हा करा.’

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात. ‘मॅडम, चुकलेला न्हाय. तीन येळा मोजलाय. तीनी येळा तेवढाच येतंय.’

मी म्हटलं, ‘अगं, फोन स्लो मोशनवर असेल. गमरे मॅडमचं सव्वा येतं, सगळ्या कॉलेजला माहीत आहे.’ स्लो मोशन असतं तर उत्तर आठपट कमी आलं असतं, ०.९८ नव्हे. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे सुचायला अर्धा सेकंदही लागू नये. मला सुचलं नाही, कारण मला सुचायला नकोच होतं. उज्ज्वला समोरच बसली होती. मी तिच्याकडे बघून हसत म्हटलं, ‘बघ, मुलीला तुझी चाल काही जमत नाहीये.’

तिनं जर्नल ओढून घेतलं आणि ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सुरू होणार, खोडायचं नाही, कारण शोधा, आणि पाठोपाठ गोदीतल्या पेट्या. पण ती एवढंच म्हणाली, ‘चल दर्शना, परत करू. त्या दिवशी माझी चप्पल धड नव्हती.’ दोन दिवसांनी जर्नल परत आलं. उत्तर एक पूर्णांक बावीस. मी बरोबरची खूण केली, शेजारी ‘छान’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्याशी एकेका आकड्यावर भांडणारी ही बाई त्या दिवशी भांडली नाही, हे मला खटकायला हवं होतं. उलट मला बरं वाटलं. चला, सतरा वर्षांनी का होईना, ऐकलं माझं.

पुढच्या वर्षी तिनं मुलांना सांगितलं, ‘दर वर्षी मीच का? यंदा तुम्ही चाला, एकमेकांचे व्हिडिओ घ्या.’ मला तेही पसंत पडलं. त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट झाली. नाक्यापासून कॉलेजपर्यंत आम्ही दोघी बरोबरीनं चालू लागलो. तिला थांबून मागे बघावं लागेना. मी घरी सांगितलं, सकाळच्या फेऱ्यांचा गुण आला, माझी चाल वाढली. दर वर्षी जुलैमध्ये मी मुलांना सापेक्ष वेग शिकवते. शेजारची गाडी पुढे निघून जात नाही, याचा अर्थ आपण वेगात आहोत असा नसतो, ती हळू झालेली असू शकते, हे उदाहरण फळ्यावर काढून शिकवते.

मग गुडघे आले. पन्नाशी उलटली की गुडघे बोलायला लागतात, असं स्टाफरूमनं एकमतानं ठरवलं. कुणी तेल सांगितलं, कुणी पट्टा आणून दिला. ती भिंतीला हात लावून जिना उतरायची आणि आम्ही म्हणायचो, लिफ्टसाठी अर्ज करायला हवा. एके दिवशी शेअर रिक्षातून उतरताना तिचा डावा पाय उचललाच गेला नाही आणि ती पडली. मग एमआरआय झाला आणि कळलं की गुडघ्यांचा काही संबंधच नाही. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूला दाबणारी गाठ होती, आणि ती काही काल-परवाची नव्हती.

मोठ्या डॉक्टरांकडे जाताना मिलिंदरावांनी मला बरोबर घेतलं. मॅडम, डॉक्टर काय सांगतात ते तुमच्या नीट लक्षात राहील, म्हणाले. डॉक्टर शांत होते. त्यांनी विचारलं, ‘चालणं नेमकं कधीपासून मंदावलं? नीट आठवून सांगा.’ मिलिंदराव म्हणाले, ‘पाच-सहा महिने झाले असतील. ना गं?’ उज्ज्वला मांडीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाली, ‘हो. तेवढेच.’ आणि माझ्या डोळ्यांपुढे लाल गोलातला तो आकडा उभा राहिला. मी मनात महिने मोजले. पावणेदोन वर्षं. लेखी पुरावा होता, तारखेसह, आणि त्यावर माझी सही होती. मी तोंड उघडलं नाही. सबबी पुष्कळ होत्या, ती स्वतःच सांगत नाहीये, आजारी माणसासमोर कशाला, आता सांगून उपयोग काय. खरं कारण एकच होतं. ते रीडिंग मीच चूक ठरवलं होतं.

लवकर कळलं असतं तर? नंतर मी ओळखीच्या एका डॉक्टरांना आडून आडून विचारलं. ते म्हणाले, अशा गाठींचं छातीठोक काही सांगता येत नाही, पण पेशंट लवकर आलेला केव्हाही बरा. बास, एवढंच. याहून जास्त मला माहीत नाही आणि आता कुणाकडून कळणारही नाही.

ऑपरेशन झालं. पायांत ताकद काही परतली नाही. सात-आठ महिने ती अंथरुणावर होती. मी दर रविवारी जायचे. रजेवर असूनही तिला कॉलेजचं सगळं कळायला हवं असायचं, कोणता प्रयोग झाला, कुणाचं उत्तर चुकलं, का चुकलं. त्यातला एक रविवार सांगते, कारण नीट बोलणं झालं ते तेव्हाच शेवटचं. फिजिओथेरपीची मुलगी तिला डाव्या पायाचा अंगठा हलवायला सांगत होती. उज्ज्वला मला म्हणाली, ‘शैला, व्हिडिओ घे.’ मी घेतला. मुलगी गेल्यावर ती म्हणाली, ‘आता फ्रेम सरकवून बघ. किती हलला?’ मी एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. शंभर, दीडशे, दोनशे. अंगठा जिथल्या तिथे होता. मी म्हटलं, ‘हललाय थोडा. दोनेक मिलिमीटर.’

ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘लावू नकोस गं.’

त्यानंतर छातीत कफ झाला, पुन्हा हॉस्पिटल, आणि मग सुरुवातीला सांगितलेला तो मेसेज.

शोकसभा संपल्यावर मी हॉलच्या पायऱ्या उतरत होते. खाली दर्शना उभी होती. आता ती बीएस्सीला आहे. पांढरा ड्रेस घालून एकटीच आली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, तो पैला व्हिडिओ माज्याकडं हाय अजून.’

मी विचारलं, ‘कसा काय? दोन मोबाइल बदलले असशील तू एवढ्यात.’

‘गमरे मॅडम बोलल्या व्हत्या, पैला पुसू नको म्हनून. दोनी ठेवलेत मी.’

मी तिला तिथेच सांगितलं की तुझं रीडिंग बरोबर होतं आणि मी चुकले. ती पटकन म्हणाली, ‘मना म्हाईत हाय, मॅडम.’ त्यात राग नव्हता. पण तेव्हापासून तिला हे माहीत होतं, आणि तरीही तिनं एक पूर्णांक बावीस लिहिलं होतं, कारण मी सांगितलं होतं. तीस वर्षांत मी असं किती जणांकडून काय काय लिहून घेतलं असेल, हा विचार पायऱ्यांवर उभ्या उभ्या मनात आला आणि अजून गेलेला नाही.

तिनं दोन्ही व्हिडिओ पाठवले. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी प्रयोगशाळेत बसून ते बघितले. पहिल्यात उज्ज्वला पिस्ता रंगाच्या साडीत, मुलांशी काहीतरी बोलत, मजेत चालली आहे. साध्या डोळ्यांनी बघितलं तर काही कळत नाही, नेहमीचीच उज्ज्वला. मग मी तिनं शिकवल्याप्रमाणे फ्रेम मोजल्या, पट्ट्या वाचल्या, आलेख काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी हा प्रयोग स्वतः केला, तोवर फक्त सह्या केल्या होत्या. उत्तर आलं ०.९८.

दुसऱ्या व्हिडिओत आलेख काढायची गरजच नव्हती. ती सुरुवातीलाच पुढे झुकून निघते, शाळेला उशीर झालेल्या मुलीसारखी. दोन मीटरनंतर डावं पाऊल जमिनीला घासतं. पुढे एकदा हात भिंतीकडे जातो आणि ती तो लगेच मागे घेते, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. पाच मीटर होतात. मग धापा टाकत ती मोबाइलजवळ येते, तिचा चेहरा सगळी चौकट व्यापतो, आणि आवाज येतो, ‘घे गं बाई. आता तरी मोहिते मॅडमचं समाधान होऊ दे.’ आणि हसणं. व्हिडिओ तिथे संपतो.

आयुष्यभर जिनं एक रीडिंग लावलं नाही, तिनं हे एकच लावलं, आणि पेनानं नाही, पायांनी लावलं. तिला तेव्हा काय कळलं होतं, किती भीती वाटली होती, का ती दवाखान्यात न जाता पुन्हा चालली, हे मला ठाऊक नाही. स्वतःला वाचवायला मी म्हणू शकते की तिनंही लपवलं. ते खरंही आहे. पण लपवायला आडोसा लागतो, आणि तो मी पुरवला होता, लाल पेनानं. मला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा राग आला, आणि मग ती इतकी आठवली की मला प्रयोगशाळेचं दार आतून लावून घ्यावं लागलं.

गेल्या रविवारी मी मिलिंदरावांकडे गेले. ते एकटेच होते. मी बसल्याबरोबर सांगायला सुरुवात केली, कारण पाणी घेतलं असतं तर पुन्हा धीर गेला असता. जर्नल, लाल गोल, दर्शना, एक पूर्णांक बावीस, डॉक्टरांचा प्रश्न, सगळं क्रमानं सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच बसला होतात ना, मॅडम?’

‘हो.’

‘मग?’

‘घाबरले,’ मी म्हटलं.

ते उठून खिडकीपाशी गेले. खाली सोसायटीच्या आवारात मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांच्याकडे बघत राहिले. ‘असू दे, मॅडम’ असं ते म्हणतील अशी मला आशा होती, हेही लिहून ठेवते. ते तसं म्हणाले नाहीत. मग वळून म्हणाले, ‘दाखवा.’

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. पहिला व्हिडिओ त्यांनी तीनदा बघितला. तिसऱ्यांदा आवाज मोठा करून बघितला, ती मुलांना काय सांगतेय ते ऐकू येतं का म्हणून. मग दुसरा लावला. ती भिंतीकडे हात नेते तिथपर्यंत त्यांनी बघितला आणि पुढचा न बघताच मोबाइल मला परत दिला.

‘पहिला पाठवा मला,’ ते म्हणाले. ‘दुसरा नको.’

मी तिथेच बसून पहिला पाठवला.